धोबीघाटावरील गाडीचे चाक

मुंबईत महालक्ष्मी रेल्वे स्थानकालगत असलेला धोबीघाट इ. स. १८९० च्या सुमारास बांधला गेला. तेथील हौदांत कपडे धुण्याचे श्रम सर्वांच्या नजरेस पडतात. परंतु ओल्या कपड्यांचे ओझे हलविण्याचे श्रम सहसा ध्यानात येत नाहीत. घाट मुंबईचा असो वा बंगळूरजवळील बोम्मसंद्रासारख्या औद्योगिक वस्तीतील सार्वजनिक धुलाईकेंद्र असो, हे ओझे ज्या गाडीवरून जाते तिच्या चाकांवर कामगाराची पाठ व कमर अवलंबून असते.

हाताने पिळलेल्या सुती कपड्यात साधारणतः त्याच्या स्वतःच्या वजनाइतके पाणी उरते. म्हणजे ५० किलो कोरड्या कपड्यांचे १०० किलो होतात. गाडीचे वजन ५० किलो धरल्यास एकूण भार १५० किलो होईल. समजा, चाकाचा व्यास २० सेंटिमीटर आणि आसाचा २ सेंटिमीटर आहे. चाक एक फेरा घेते तेव्हा गाडी चाकाच्या परिघाइतकी पुढे सरकते, पण घर्षण मात्र आसाच्या परिघाइतक्याच, म्हणजे एक-दशांश अंतरावर घडते. चाकाचा खरा लाभ तो हाच.

वंगण असलेल्या आसावरील घर्षण भाराच्या सुमारे एक-दशांश, म्हणजे १५ किलो धरू. हातांना जाणवेल तो त्याचा दहावा भाग, म्हणजे दीड किलो. वंगण संपून पोलादावर पोलाद घासू लागले, तर घर्षण भाराच्या निम्म्यापर्यंत जाते व हातांवर साडेसात किलोंचा जोर पडतो. जमिनीच्या खडबडीतपणामुळे होणारा विरोध याहून निराळा. गाडी तीच, ओझे तेच. श्रम मात्र पाचपट!

धुलाईच्या जागी वंगण लवकर का नाहीसे होते? ग्रीस हे तेल व साबण यांचे मिश्रण आहे. साबणाच्या जाळीत तेल धरून ठेवलेले असते. कपड्यांचा साबण सोडियमचा असून तो पाण्यात विरघळतो. त्याच जातीच्या साबणाचे ग्रीस आसात भरले, तर ते पाण्याशी मिसळून दुधाळ होते व वाहून जाते. कॅल्शियमचा साबण पाण्यात विरघळत नाही. जड पाण्यात साबण वापरल्यावर जो चिकट साका बसतो, तो मुख्यतः ह्याच जातीचा. कपडे धुताना त्रासदायक ठरणारा हा गुण चाकात उपकारक ठरतो. म्हणून घाटावरील गाडीस कॅल्शियमचे किंवा लिथियमचे ग्रीस घालावे. विद्यार्थ्यांनी थोडेसे ग्रीस तळहातावर घेऊन पाण्याबरोबर चोळून पाहावे; ते पांढरे होऊन धुतले गेले, तर ओल्या जागी निरुपयोगी समजावे.

दुसरा शत्रू म्हणजे दोरा. कपड्यांतून सुटलेले धागे व केस आसाभोवती गुंडाळले जातात, ग्रीस शोषून घेतात आणि पाणी धरून ठेवतात. त्यामुळे आस आतून गंजतो.

यावर उपाय साधा आहे. रोज काम संपल्यावर गाडी रिकामी करून कलती करावी व प्रत्येक चाक हाताने फिरवून पाहावे. चाक लगेच थांबले, करकरले किंवा डुगडुगले, तर दोष आहे असे समजावे. गुंतलेले धागे आकड्याने काढावेत. ठराविक दिवशी चाक उतरवून जुने ग्रीस रॉकेलने धुवावे. हे काम इस्त्रीच्या निखाऱ्यांपासून दूर करावे. आस पूर्ण कोरडा झाल्यावरच नवे ग्रीस भरावे. दोन जातींची ग्रिसे एकत्र करू नयेत. बाहेर आलेले ग्रीस पुसून टाकावे, नाहीतर धुतलेल्या चादरीवर काळा डाग पडून सारी मेहनत वाया जाते. रात्री गाडी कोरड्या जागी ठेवावी.

सामायिक गाडीस कोणी एक धनी नसतो, म्हणून तिच्याकडे सर्वांचेच दुर्लक्ष होते. यासाठी प्रत्येक गाडीस क्रमांक द्यावा आणि वंगणाची तारीख फळ्यावर लिहावी. ग्रीसचा खर्च थोडा असतो. तो टाळला, तर त्याची भरपाई गाडी ढकलणाऱ्याला आपल्या पाठीने करावी लागते.