दादासाठी जागा बघताना

अमरावती

सोनू,

तुझा फोन झाल्यापासून माझ्या दादाचाच विचार मनात आहे. लकव्यानं त्याची उजवी बाजू गेली, वाचा गेली. तुझ्या आईच्यानं त्याला एकटीला कुशीवर वळवणं होत नाही आणि तुझी नोकरी पुण्याला. त्याला सेवाकेंद्रात ठेवायचा तुझा निर्णय मला पटतो. अकोल्यात लोक काय म्हणतील, याचा घोर लावून घेऊ नकोस. घरच्यांनी टाकलेल्या कुष्ठरोग्यांसाठी डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीत तपोवन उभं केलं. परक्याच्या हातून सेवा व्हावी, हे वऱ्हाडाला नवं नाही. तू सांगितलेल्या दोन जागांपैकी, अकोल्यातली लहान आणि हायवेवरची नवी, कोणती निवडायची, यात मात्र माझं ऐक. माझं आयुष्य सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात गेलं आहे.

जाशील तेव्हा आधी कळवून जाऊ नकोस. ऑफिसात बसून माहितीपत्रक वाचण्यात वेळ घालवू नकोस. जो पेशंट बोलत नाही, ज्याला भेटायला कोणी येत नाही, त्याच्या खाटेशी जाऊन उभी राहा. ओठ सुकलेत का, नखं वाढलीत का, टाचा लाल पडल्यात का, ते बघ. पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाही तर माकडहाडावर जखम होते आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही. त्याची नोंद खाटेपाशी असते. दिवसभराच्या सगळ्या सह्या एकाच बैठकीत केलेल्या दिसल्या तर काय समजायचं ते समज. इथं किती जणांना अशा जखमा आहेत, असं सिस्टरला सरळ विचार. खरं काम करणारी सिस्टर आकडा सांगते आणि त्या कुठून आल्या तेही सांगते. ‘आमच्याकडे असं काही होतच नाही’ हे उत्तर मला आवडत नाही.

जेवणाच्या वेळेला तिथं थांबच. लकव्यात गिळण्याची शक्ती कमी होते. पातळ पाणी, पातळ वरण श्वासनलिकेत उतरतं आणि न्युमोनिया होतो. दादाला आता सगळ्यात मोठा धोका याचा आहे. भरवणाऱ्या बाईला विचार, ‘मावशी, तुम्ही यांना कसं भरवता?’ बसवून, लहान घासानं, आधीचा घास गिळल्याची खात्री करून पुढचा, आणि नंतर अर्धा तास बसतं ठेवून, असं ती स्वतःहून सांगेल तर तिला कोणीतरी नीट शिकवलं आहे. निजल्या-निजल्या चमच्यानं ओतताना दिसली, तर तिथून बाहेर पड. इमारत कितीही चांगली असो.

रात्री किती माणसं असतात? दिवसाची संख्या कोणीही सांगतं. रात्री पेशंट ‘शांत झोपतात’ म्हणाले तर कोणत्या गोळीनं, तेही विचार, आणि औषधांचा तक्ता बघ. झोपेच्या गोळीनं सुस्त झालेला माणूस नीट गिळत नाही आणि कूसही बदलत नाही.

आता पाणी आणि वीज. तुझ्या त्या हायवेवरच्या नव्या जागेला बोअर आहे म्हणालीस. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तुला माहीत आहे, बोअरचं पाणी खारं असतं. दादाला ब्लडप्रेशर आहे, तेव्हा प्यायचं पाणी कुठलं ते पक्कं कर. अकोल्यातल्या लहान जागेत महानच्या काटेपूर्णा धरणाचं पाणी येतं, पण नळ रोज येत नाहीत. अंथरुणात सगळं होणाऱ्या माणसांना धुवायला पाणी फार लागतं. टाकीवर चढून बघ. उन्हाळा तोंडावर आहे, अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. लाइट गेली की कूलर बंद पडतो, हवेची गादी फुगवणारा पंप आणि कफ ओढायचं मशीनही बंद पडतं. इन्व्हर्टरवर यातलं काय चालतं?

कागदही बघ. नर्सिंग होमची नोंदणी १९४९ च्या कायद्यानं होते. २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. वृद्धाश्रम म्हणून चालणारी जागा वेगळी. तिथं ही नोंदणी नसेल तर डॉक्टर कोण, कधी येतो, हे लिहून घे. आगीच्या यंत्रणेचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. ते मागायला संकोच नको. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात आग लागून दहा नवजात बाळं गेली. जी स्वतः उठून पळू शकत नाहीत, ती माणसं आगीत सगळ्यात आधी जातात. अनामत रक्कम परत मिळण्याची अट आणि दवाखान्यात हलवायची वेळ आली तर कोणत्या, तेही लेखी घे.

माझं मत विचारशील तर अकोल्यातली लहान जागा, वरच्या परीक्षेत ती उतरली तर. भिंतींचा रंग उडाला आहे, तो उडू दे. तुझी आई तिथं ऑटोनं रोज जाऊ शकेल, कधी सकाळी, कधी संध्याकाळी, आणि मीही बडनेऱ्याहून गाडी धरून येत जाईन. घरचं माणूस केव्हाही दारात उभं राहतं हे ठाऊक असलं की तिथल्यांचे हातही जपून चालतात. हायवेवरच्या जागी आठवड्यातून एकदाच जाणं होईल.

आणखी एक. दादाची वाचा गेली, समज गेलेली नाही. डोळ्यांनी, डाव्या हातानं तो हो-नाही सांगतो. त्याला व्हीलचेअरवर घेऊन एकदा ती जागा दाखव आणि त्याचं उत्तर घे. त्याआधी एक रुपयाही भरू नकोस. ठरलं की कळव, मी त्या दिवशी अकोल्याला येते.

तुझी,
आत्या