दिवाळीच्या सुट्टीत उत्तर अंदमानच्या डोंगराळ भागात जाताना
जबलपूर व परिसरातील कुटुंबांसाठी आरोग्यपाठ

जबलपूरला सप्टेंबरअखेर पाऊस ओसरतो आणि दिवाळीपर्यंत वाटा कोरड्या होतात. याच हिशोबाने अनेक कुटुंबे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दूरच्या प्रवासाचा बेत आखतात. अंदमानला मात्र हा हिशोब लागू पडत नाही. तेथे मे महिन्यात सुरू होणारा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे डिसेंबरपर्यंत येत-जात राहतो. आपल्या सुट्टीच्या दिवसांत तेथील शेते, ओढे आणि पायवाटा ओल्याच असतात. या ओलाव्यातून होणारा एक आजार आपण ओळखावा आणि त्याची खूण मनात ठेवून घरी परतावे, यासाठी हा पाठ आहे.

ठिकाणाची ओळख

उत्तर अंदमानातील दिगलीपूर हा भातशेतीचा ग्रामीण प्रदेश आहे. त्याच्या जवळच 732 मीटर उंचीचे सॅडल पीक हे अंदमानातील सर्वांत उंच शिखर असून कालपोंग नदी याच डोंगरातून निघते. श्री विजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) येथून दिगलीपूर रस्त्याने सुमारे 300 किलोमीटर दूर आहे. वाटेतील खाड्यांमुळे या प्रवासात जवळजवळ सारा दिवस जातो. प्राथमिक उपचार दिगलीपूरला मिळतात, मोठे जी. बी. पंत रुग्णालय मात्र श्री विजयपुरमलाच आहे. म्हणून आजारी माणसाने ‘उद्या पाहू’ म्हणून डोंगराकडे निघू नये.

ओल्या मातीतील आजार

1988 पासून दिगलीपूर भागात पावसाळ्यानंतर एक गंभीर ताप येऊ लागला. काही रुग्णांच्या फुप्फुसांत रक्तस्राव होई. कारण न कळल्यामुळे त्याला ‘अंदमानचा रक्तस्रावी ताप’ असे नाव पडले. 1993 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील साथीच्या अभ्यासातून हा आजार लेप्टोस्पायरोसिस असल्याचे सिद्ध झाले. ते महिने आपल्या दिवाळीचेच होते, हे लक्षात घ्यावे.

या आजाराचे जंतू उंदीर, गुरे, डुकरे व कुत्रे यांच्या मूत्रातून बाहेर पडतात आणि पावसाच्या पाण्यात व चिखलात मिसळतात. पायावरील लहानशी जखम, पाण्याने भिजून मऊ पडलेली त्वचा, डोळे, नाक किंवा तोंड यांतून ते शरीरात शिरतात. पाणी स्वच्छ दिसते म्हणून ते निर्धोक ठरत नाही. नर्मदेच्या घाटावर पाण्यात उतरून हातपाय धुण्याची आपली सवय जुनी आहे; ओढा दिसताच अनवाणी उतरण्याचा मोह तेथे आवरावा.

निघण्यापूर्वी

शक्य असल्यास जानेवारी ते एप्रिल हा कोरडा काळ निवडावा. दिवाळीतच जाणे असेल, तर दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना भेटून प्रवासाचा मार्ग सांगावा. लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन हे औषध काही व्यक्तींना दिले जाते. ते आवश्यक आहे की नाही, हे डॉक्टरच ठरवतील. गर्भवती स्त्रियांना व लहान मुलांना ते स्वतःहून कधीही देऊ नये. मलेरियाविषयीही याच भेटीत विचारावे.

मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकाराची नेहमीची औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर अधिक घ्यावीत. समुद्र खवळल्यास बोटी थांबतात. सोबत पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटे, जलरोधक पट्ट्या, डास पळवणारे मलम, मच्छरदाणी आणि घोटे झाकणारे बंद बूट असावेत.

घरात कोणाला ताप, खोकला किंवा अंगावर पुरळ असेल, तर प्रवास पुढे ढकलावा. हा रस्ता जारवा समाजाच्या राखीव क्षेत्रातून जातो. बाहेरच्या आजारांचा या समाजाला मोठा धोका असतो. 1999 मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली होती. तेथे वाहन थांबवणे, छायाचित्र काढणे किंवा खाद्यपदार्थ देणे कायद्याने निषिद्ध आहे.

तेथे असताना

भातखाचरे, साचलेले पाणी आणि चिखल टाळावा. जखम असल्यास ती जलरोधक पट्टीने झाकावी. चिखलात पाय गेल्यास लवकरात लवकर साबण व स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे करावेत. ओढ्याचे पाणी थेट पिऊ नये. उकळलेले किंवा सीलबंद पाणीच प्यावे. उघडे ठेवलेले अन्न खाऊ नये, कारण उंदरांचा वावर दिसतोच असे नाही. डोंगरावर डास नसतात ही समजूत चुकीची आहे. 732 मीटर ही उंची डासांना अडवत नाही. खाड्यांत मगरी असतात, म्हणून सूचनाफलक असलेल्या ठिकाणी पाण्यात उतरू नये.

परतल्यावर

या पाठातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. जंतुसंसर्गानंतर लक्षणे दिसण्यास 2 ते 30 दिवस लागू शकतात. म्हणजे ताप बहुधा प्रवासात न येता जबलपूरला घरी आल्यावर येतो. त्या सुमारास आपल्याकडे डेंग्यू व मलेरियाचे रुग्ण असतात. आपण सांगितले नाही, तर डॉक्टरांच्या मनात अंदमान येण्याचे कारण नाही.

परतल्यानंतर महिनाभरात अचानक ताप, तीव्र डोकेदुखी, पोटऱ्या दुखणे किंवा डोळे लाल होणे यांपैकी काही आढळल्यास त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे आणि पहिलेच वाक्य असे सांगावे : “आम्ही अमुक तारखेला उत्तर अंदमानात होतो, ओल्या मातीत व पाण्यात चाललो होतो.” या एका वाक्याने योग्य तपासणी वेळेवर होते. प्रतिजैविक औषधे लवकर सुरू झाली तर उपचार सोपा असतो. ताप महिना उलटल्यावर आला तरी प्रवासाचा उल्लेख करावा. मलेरिया उशिराही प्रकट होतो.

निदान होईपर्यंत तापासाठी केवळ पॅरासिटामॉल योग्य प्रमाणात घ्यावे. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये. डेंग्यू असल्यास त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

डोळे वा त्वचा पिवळी होणे, लघवी कमी होणे, धाप लागणे, खोकल्यातून रक्त पडणे किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता 108 क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णास रुग्णालयात न्यावे.

प्रवासाच्या तारखा आणि मुक्कामाची गावे एका कागदावर लिहून तो कागद महिनाभर घरातील औषधांच्या डब्यात ठेवावा. रुग्ण स्वतः बोलू शकला नाही, तरी तो कागद डॉक्टरांपर्यंत पोहोचेल.