शब्दाचा अर्थ वाक्यात शोधावा

इंग्रजी वाचनाचा फारसा प्रसंग न येणाऱ्या माणसाच्या खिशातही एक संपूर्ण इंग्रजी वाक्य असते. शंभर रुपयांच्या नोटेवर गव्हर्नरांच्या सहीबरोबर ते छापलेले असते : 'आय प्रॉमिस टू पे द बेअरर द सम ऑफ वन हंड्रेड रुपीज.' त्याच नोटेवर हेच वचन हिंदीतही आहे. दोन्ही ओळी शेजारी ठेवून वाचल्या, की 'बेअरर' म्हणजे 'धारक', ज्याच्या हाती नोट आहे तो, हे शब्दकोश न उघडताही समजते.

हे वाक्य देशातील ज्या चार मुद्रणालयांत छापले जाते, त्यांपैकी एक कर्नाटकातील म्हैसूर शहरात आहे. नाशिक व देवास येथील मुद्रणालयांच्या जोडीला रिझर्व्ह बँकेच्या मालकीच्या नोट मुद्रण कंपनीने १९९६ मध्ये म्हैसूर आणि पश्चिम बंगालमधील सालबोनी येथे छपाई सुरू केली. चंदन, रेशीम आणि दसरा यांसाठी प्रसिद्ध असलेले हे शहर अशा रीतीने एका इंग्रजी उदाहरण-वाक्याच्या अगणित प्रती देशभर पाठवीत असते.

प्रगत इंग्रजी शब्दसंपत्ती कशी वाढवावी, असा प्रश्न विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांचे उमेदवार आणि बँकेचे कर्मचारी नेहमी विचारतात. या नोटेवरच त्याचे निम्मे उत्तर आहे. अवघड शब्द सुटा पाठ करू नये. तो ज्या वाक्यात भेटला, त्या वाक्यासह लक्षात ठेवावा.

एक वाक्य पुरेसे नाही

मात्र एका वाक्यावर विसंबणेही धोक्याचे ठरते. नोटेवरून 'बेअरर' म्हणजे धारक एवढेच शिकलेली व्यक्ती एखाद्या जुन्या क्लबमध्ये गेली आणि तेथे 'द बेअरर ब्रॉट द कॉफी' हे वाक्य तिच्या कानी पडले, तर तिचा गोंधळ उडेल. येथे बेअरर म्हणजे खाद्यपदार्थ आणून देणारा सेवक. धनादेशावर मात्र 'ऑर बेअरर' असे छापलेले असते. ते शब्द खोडले, की तो धनादेश समोर येणाऱ्या कोणालाही देय राहत नाही. तो आदेश धनादेश होतो. तिन्ही ठिकाणी मूळ कल्पना 'वाहून नेणारा, जवळ बाळगणारा' हीच आहे, परंतु व्यवहार तीन आहेत.

'टेंडर' हा शब्द याहून फसवा आहे. म्हैसूरच्या रस्त्यावर 'टेंडर कोकोनट' म्हणजे कोवळे शहाळे. वृत्तपत्रात 'टेंडर नोटीस' म्हणजे निविदा सूचना. 'शी टेंडर्ड हर रेझिग्नेशन' म्हणजे तिने राजीनामा सादर केला. नोटेच्या संदर्भात 'लीगल टेंडर' म्हणजे कायदेशीर चलन, देणे फेडण्यासाठी पुढे केल्यास कायदा मान्य करतो असे धन. कोवळेपणाचा 'टेंडर' आणि पुढे करण्याचा 'टेंडर' हे लॅटिनमधील दोन वेगवेगळ्या शब्दांपासून आले आहेत. सुट्या शब्दाकडे कितीही वेळ पाहिले, तरी त्यांतील कोणता अभिप्रेत आहे हे कळणार नाही. वाक्य ते तत्काळ सांगते.

म्हैसूरने दिलेला एक शब्द

विख्यात समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांचा जन्म १९१६ मध्ये म्हैसूर येथे झाला. १९४८ मध्ये त्यांनी म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहून तेथील समाजजीवनाचा अभ्यास केला. लेखनात त्यांनी त्या गावाला 'रामपुरा' असे नाव दिले. या गावावरील १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी 'व्होट बँक' हा शब्दप्रयोग केला. गावातील वजनदार आश्रयदात्याच्या शब्दावर त्याच्या आश्रितांची मते एका बाजूस पडतात, असा त्यामागील आशय होता. पुढे वृत्तपत्रांतून तो देशभर पसरला आणि 'एखाद्या पक्षाच्या पाठीशी एकगठ्ठा उभा राहणारा समाजगट' असा अर्थ त्याला प्राप्त झाला. मधला आश्रयदाता मागे पडला आणि समूह पुढे आला. शब्दाचा अर्थ कोशात गोठलेला नसतो, लोक तो ज्या वाक्यांत वापरतात त्यांबरोबर सरकत जातो, याचे यापेक्षा बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही. येथे 'बँक' म्हणजे वित्तसंस्था नसून 'ब्लड बँक'प्रमाणे साठा होय, हेही वाक्यावरूनच उमगते.

याच शहरात मानसगंगोत्री परिसरात केंद्र सरकारची भारतीय भाषा संस्था आहे. १७ जुलै १९६९ रोजी तिची स्थापना झाली. तिच्या प्रादेशिक केंद्रांत विविध राज्यांतील सेवेत असलेले शिक्षक दहा महिने राहून आपल्या मातृभाषेव्यतिरिक्त दुसरी भारतीय भाषा शिकतात. मराठीसाठीचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. नवी भाषा प्रौढ वयातही शिकता येते, हे या उपक्रमाने दाखवून दिले आहे. चाळिशीतला शिक्षक जर अपरिचित लिपीपासून आरंभ करू शकतो, तर शाळेत आठ-दहा वर्षे इंग्रजी शिकलेल्या खातेदाराने संकोच बाळगण्याचे कारण नाही.

कोशकारांनी काढलेला मार्ग

महाराष्ट्रात इंग्रजी शिकविताना वाक्याचे महत्त्व फार पूर्वी ओळखले गेले होते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर अनेक पिढ्या वाढल्या. तीत शब्दांपाठोपाठ भाषांतरासाठी वाक्ये येत, आणि शिकलेला शब्द लगेच कामाला लागे.

इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी कोश कसा असावा, याचा आदर्श ए. एस. हॉर्नबी यांनी घालून दिला. जपानमध्ये इंग्रजी शिकविताना विद्यार्थ्यांना केवळ अर्थ पुरत नाही, शब्द वाक्यात बसविता आला पाहिजे, हे त्यांच्या ध्यानात आले. दोन सहकाऱ्यांसह त्यांनी तयार केलेला कोश १९४२ मध्ये टोकियोत प्रसिद्ध झाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा प्रकाशित केला. आज घरोघरी दिसणारा ऑक्सफर्डचा विद्यार्थी-कोश हा त्याचाच वंशज. पुढे १९८७ मध्ये बर्मिंगहॅम येथील जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली संगणकात साठविलेल्या प्रत्यक्ष वापरातील इंग्रजीवर आधारलेला कोबिल्ड हा कोश निघाला.

या प्रवासात कोल्हापूरचेही स्थान आहे. शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांनी १९७८ या एका वर्षात भारतात प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी लेखनातून ५०० उतारे निवडून सुमारे दहा लाख शब्दांचा संग्रह सिद्ध केला. भारतीय इंग्रजीचा हा संग्रह जगभरच्या अभ्यासकांना 'कोल्हापूर कॉर्पस' या नावाने परिचित आहे. भारतीय माणूस इंग्रजी शब्द कोणत्या वाक्यांत वापरतो, हे पाहण्याचे साधन अशा रीतीने महाराष्ट्राच्या भूमीत निर्माण झाले.

बँकेच्या कागदावरील शब्द

शब्दांचा हा अभ्यास परीक्षेपुरता मर्यादित नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार खाते उघडण्याचे फॉर्म, भरणा-पावत्या, पासबुक यांसारखे सर्वसामान्य ग्राहकांसाठीचे साहित्य इंग्रजी, हिंदी व प्रादेशिक भाषा अशा तीन भाषांत असावे लागते. तथापि कर्ज व तारण यांच्या सविस्तर दस्तऐवजांत इंग्रजीचे प्राबल्य आढळते. तेथे परिचित वाटणारा शब्दच अधिक फसवितो. पुढील उदाहरणे पाहावीत.

सँक्शन : 'द बँक सँक्शन्ड द लोन' म्हणजे बँकेने कर्ज मंजूर केले. 'सँक्शन्स वेअर इम्पोज्ड ऑन द कंट्री' म्हणजे त्या देशावर निर्बंध लादले गेले. एकच शब्द, अर्थ जवळजवळ विरुद्ध.

आउटस्टँडिंग : प्रगतिपुस्तकात उल्लेखनीय, कर्जखात्यात येणे बाकी. 'द आउटस्टँडिंग अमाउंट इज ड्यू ऑन मंडे' हे वाक्य कौतुकाचे नाही.

लिअन : मूळ अर्थ बंधन. 'द बँक हॅज मार्क्ड अ लिअन ऑन द डिपॉझिट' म्हणजे ठेवीवर बँकेचा धारणाधिकार नोंदविला आहे. देणे फिटेपर्यंत ती रक्कम मोकळी होणार नाही.

रिडीम : 'शी रिडीम्ड हर ऑर्नामेंट्स' म्हणजे तिने गहाण ठेवलेले दागिने सोडविले. गहाण मालमत्ता सोडवून घेण्याच्या हक्कालाही याच शब्दावरून नाव मिळाले आहे.

नॉटविथस्टँडिंग : 'नॉटविथस्टँडिंग एनिथिंग कंटेन्ड इन क्लॉज फाइव्ह, द बँक मे रिकॉल द लोन.' पाचव्या कलमात काहीही म्हटले असले, तरी बँक कर्ज परत मागू शकते, असा याचा अर्थ. हा एक शब्द संपूर्ण पाचव्या कलमावर मात करतो. 'रिकॉल' म्हणजेही येथे आठवणे नव्हे.

वेव्हर आणि रिलीफ : दोन्ही शब्दांचा 'कर्जमाफी' असा सरसकट अनुवाद केला जातो. परंतु केंद्र सरकारच्या २००८ च्या कृषी कर्ज योजनेत त्यांचे अर्थ भिन्न होते. अल्प व अत्यल्प भूधारकांस 'वेव्हर', म्हणजे पात्र रकमेची पूर्ण माफी होती. इतर शेतकऱ्यांस 'रिलीफ', म्हणजे उरलेली रक्कम भरण्याच्या अटीवर सर्वसाधारणपणे २५ टक्के सवलत होती. दोन शब्दांतील भेद लक्षात न आल्यास शेतकऱ्याचा हिशेब पूर्ण चुकला असता.

'सेव्हरली' या शब्दाची किंमत

या सर्वांत अधिक काळजीने वाचावा असा शब्द जामीनपत्रात असतो. समजा, एका निवृत्त शिक्षकांना त्यांचे दोन स्नेही म्हणतात, "सर, तुम्ही फक्त सही करा. आम्हीही दोघे जामीन आहोतच." कर्ज सहा लाखांचे आहे. वेळ आलीच, तर आपल्या वाट्याला दोन लाख येतील, असा शिक्षकांचा हिशेब. दस्तात वाक्य असते : 'द गॅरंटर्स शॅल बी जॉइंटली अँड सेव्हरली लाएबल.' 'सेव्हरल' म्हणजे अनेक, हा शाळेत पाठ केलेला अर्थ येथे लावला, तर वाक्य निरुपद्रवी वाटते. कायद्याच्या भाषेत मात्र 'सेव्हरली' म्हणजे पृथकपणे, प्रत्येकजण स्वतंत्रपणे. तिघे मिळून जबाबदार आहेत आणि तिघांतील प्रत्येकजण एकटाही संपूर्ण सहा लाखांस जबाबदार आहे.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसल्यास, जामीनदाराची जबाबदारी मुख्य ऋणकोच्या जबाबदारीएवढीच व्यापक असते. वेगळा करार नसेल, तर कलम १४६ नुसार सहजामीनदार आपसांत समान वाटा उचलण्यास बांधील असतात. त्यामुळे ज्याने अधिक भरले, त्यास इतरांकडून त्यांचा हिस्सा मागता येतो. परंतु ते नंतरचे. बँकेची मागणी प्रथम त्याच्या एकट्याच्या दारी येऊ शकते. निवृत्तीची पुंजी आणि एका क्रियाविशेषणाचा अर्थ यांचा असा थेट संबंध आहे.

अभ्यासाची सोपी रीत

पुढील पाच पायऱ्यांसाठी एक वही आणि रोजची दहा मिनिटे पुरतात.

१. नवा शब्द आढळताच तो ज्या वाक्यात आला, ते पूर्ण वाक्य लिहून घ्यावे. ते पत्रातले, बातमीतले की दस्तातले, हेही नोंदवावे.

२. कोश पाहण्यापूर्वी वाक्यावरून अर्थाचा अंदाज करावा. त्यानंतर उदाहरणे देणाऱ्या कोशात तो पडताळावा.

३. दुसऱ्या क्षेत्रातील आणखी दोन वाक्ये शोधावीत. तीन वाक्यांत भेटलेला शब्द सहसा फसवीत नाही.

४. स्वतःच्या जीवनातील एक वाक्य रचावे. 'माय फिक्स्ड डिपॉझिट मॅच्युअर्स इन मार्च' हे वाक्य पुस्तकी वाक्यापेक्षा अधिक काळ स्मरणात राहते.

५. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने उजळणी करावी. शिकलेले आरंभी वेगाने विसरले जाते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच प्रयोगाने दाखविले होते. उजळणीच्या वेळी शब्द झाकून उरलेले वाक्य वाचावे आणि शब्द आठवावा.

आठवड्यास केवळ पाच शब्द घेतले, तरी वर्षाकाठी २६० शब्द होतात. सातत्य राखणाऱ्यास ही संख्या कमी नाही.

काउंटरच्या दोन्ही बाजूंस

ही रीत कर्मचाऱ्यांसही तितकीच उपयुक्त आहे. ग्राहकाने अर्थ विचारला असता 'सेव्हरली म्हणजे पृथकपणे' एवढे उत्तर दिल्यास एका अवघड शब्दाच्या जागी दुसरा ठेवल्यासारखे होते. 'काका, बाकी दोघांनी भरले नाही, तर पूर्ण रक्कम तुमच्या एकट्याकडून मागितली जाऊ शकते,' असे एक वाक्य सांगितले, की अर्थ पोहोचतो. ग्राहकानेही अर्थ विचारण्यात कमीपणा मानू नये. न समजलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढावी, 'माझ्या बाबतीत याचा परिणाम काय होईल, ते एका वाक्यात सांगा,' अशी विनंती करावी आणि उत्तर समजल्यावरच सही करावी.