'जेंटलमेन प्रेफर ब्लॉन्ड्स' : लोरेली लोभी की हिशेबी?



"श्रीमंत नवरा शोधणाऱ्या मुलीचा सिनेमा" म्हटलं की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. यातून मुलांना काय शिकवायचं? पण १९५३ चा हा हॉलिवूडचा संगीतमय विनोदी चित्रपट वरच्या वर्गांत चर्चेसाठी फार उपयोगी आहे.

ओळख : दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स. मूळ कादंबरी अनिता लूस यांची, १९२५ ची. तिच्यावरून १९४९ मध्ये ब्रॉडवेवर संगीत नाटक आलं आणि मग हा चित्रपट.

कथा : लोरेली (मॅरिलिन मन्रो) आणि डोरोथी (जेन रसेल) या नाचगाण्याचे कार्यक्रम करणाऱ्या जिवलग मैत्रिणी. लोरेलीला पैसेवाला नवरा हवा, डोरोथीला मनाजोगता. श्रीमंत घरातला गस लोरेलीवर भाळलेला आहे, पण त्याच्या वडिलांना ती पसंत नाही. दोघी जहाजाने फ्रान्सला निघतात, तेव्हा वडील मागावर खासगी गुप्तहेर लावतात. पुढे एका हिऱ्यांच्या मुकुटावरून प्रकरण पॅरिसच्या कोर्टात जातं. तिथे डोरोथी सोनेरी केसांचा टोप घालून चक्क लोरेली बनून उभी राहते! नवरे कोणतेही मिळोत, या दोघींची मैत्री पक्की, हे चित्रपटाचं खरं बळ.

महत्त्वाचा प्रसंग : शेवटी लोरेली गसच्या वडिलांना सरळ विचारते. केवळ सुंदर आहे म्हणून कोणी मुलीशी लग्न करत नाही, पण सौंदर्याचा उपयोग होतोच ना? मग पुरुषाच्या श्रीमंतीचंही तसंच. आणि तुम्हाला मुलगी असती, तर तिला सगळं चांगलं मिळावं असं तुम्हालाही वाटलं असतं. मग मी ते मागितलं तर चूक काय? ही मुलगी मूर्ख आहे असं ऐकून आलेले वडील चकित होतात.

पार्श्वभूमी : अमेरिकेत समान वेतनाचा कायदा आला १९६३ मध्ये. कर्ज देताना बाई म्हणून किंवा विवाहित-अविवाहित म्हणून भेदभाव करायला बंदी झाली १९७४ मध्ये. म्हणजे हा चित्रपट आला तेव्हा यातलं काहीच नव्हतं. लोरेलीची हाव आपल्याला दिसते, तिच्यामागची असुरक्षितता दिसत नाही.

तरीही एक गोष्ट खटकते. दोघी स्वतः कमावत्या, आपल्या कामात तरबेज. पण स्वतःच्या कमाईवर आयुष्य उभं करू, असा विचार कथेत कुठेच येत नाही. शेवट दोन लग्नांनीच होतो.

वर्गात विचारा :
१. लोरेलीचं म्हणणं पटतं का? का?
२. डोरोथीने मैत्रिणीसाठी कोर्टात खोटं सोंग घेतलं, ते योग्य होतं का?
३. आज लोरेलीकडे कोणते वेगळे मार्ग असते?

आणि पालकहो, एक प्रश्न आपल्यालाही. मुलीसाठी स्थळ बघताना आपण आधी मुलाचा पगार विचारतो. मग लोरेलीला नावं ठेवताना जरा थांबायला हवं, नाही का? मुलीला श्रीमंत घर शोधून देण्याआधी तिला स्वतःच्या पायावर उभं करूया.