हिऱ्याच्या साखळीची लांबी

कडा, ता. आष्टी, जि. बीड

चि. छकुली,

लग्नात मामाकडून सोन्याच्या हाराऐवजी हिऱ्याचं पेंडंट हवं असं कळवलंस. आनंद वाटला. हिरा किती सेंटचा, रंग कोणता, प्रमाणपत्र कुणाचं, हे सगळं तू नीट पाहून ठेवलं आहेस. साखळीबद्दल मात्र ‘कुठलीही चालेल’ एवढंच लिहिलंस. ते मला पटलं नाही, म्हणून फोन न करता सविस्तर लिहायला बसलो. हिरा तुझ्या अंगावर नेमका कुठं येऊन टेकणार, दिवसभर तो दिसणार की झाकला जाणार, सुखानं राहणार की कुठं तरी अडकणार, हे सगळं साखळी ठरवते.

आपल्याकडे पूर्वी कुणी इंच विचारत नसे. दागिन्याच्या नावातच त्याची जागा ठरलेली असायची. ठुशी, चिंचपेटी आणि वज्रटीक गळ्यालगत. त्यांच्या खाली बोरमाळ, आणखी खाली मोहनमाळ, पुतळ्यांची माळ, चपलाहार. तुला हिराच हवा आहे, तर आपला जुना तन्मणी आठव. पेशवाईपासून चालत आलेला हा दागिना म्हणजे मोत्यांच्या सरांना मधोमध खोड, आणि त्या खोडात हिरे, माणकं, पाचू. तोही गळ्याच्या बुडाशीच बसतो, पोटापर्यंत लोंबत नाही. यातली मोठी सोय अशी की ठुशीला किंवा तन्मण्याला मागच्या बाजूनं सरक्या गाठीची दोरी असते. पटवेकरी रेशमात ती सुंदर गोवून द्यायचे. त्यामुळे एकच ठुशी सासूच्या भरल्या गळ्याला बसायची आणि नव्या सुनेच्या बारीक गळ्यालाही. यंत्रावरची साखळी आली, मागं हूक आला आणि ही सोय गेली. आता लांबी आधी ठरवावी लागते. ती कशी ठरवायची हे मात्र दुकानात फारसं कुणी सांगत नाही.

२३ सप्टेंबर २०२२ ला आष्टी-नगर रेल्वे सुरू झाली आणि कड्याहून नगरचा सराफ बाजार आणखी जवळ आला. तिकडून खरेदी करून आलेल्या लेकी-सुना पुष्कळदा माझ्या पेढीवर येतात: मामा, साखळी थोडी तोडून द्या, नाही तर थोडी जोडून द्या. हिरा उत्तम, घडण उत्तम, फक्त माप चुकलेलं. तयार साखळ्या १६, १८, २०, २२, २४ इंचांच्या मिळतात. हे माप उघडून सरळ धरलेल्या साखळीचं, हुकासकट असतं. पेंडंटची स्वतःची लांबी त्यात धरलेली नसते, म्हणून हिरा नेहमी वाटतो त्यापेक्षा अर्धा-पाऊण इंच खालीच येतो. मध्यम गळ्याला १६ इंची साखळी गळ्याच्या बुडाशी बसते, १८ इंची गळ्याच्या हाडाखाली उतरते, २० इंची त्याच्याही खाली, आणि २४ इंची छातीवर, म्हणजे बहुतेक वेळा कापडावर. गळा भरलेला असेल तर हेच माप वर सरकतं. मैत्रिणीला १८ शोभली म्हणून तुला शोभेलच असं नाही.

आता मुख्य गोष्ट. हिरा पूर्ण अंगावर असावा, नाही तर पूर्ण कापडावर. ब्लाउजच्या काठावर तो कधीही येऊ देऊ नकोस. काठावर आलेला हिरा उठता-बसता आत जातो, बाहेर येतो, तिरपा होतो, आणि त्याला धरून ठेवणारी बारीक नखं पदराच्या धाग्यात अडकतात. नख एकदा उचललं गेलं की हिरा पडायला वेळ लागत नाही. म्हणून आधी तुझ्या ब्लाउजांचे आणि रोजच्या कुर्त्यांचे गळे बघ, मग साखळी ठरव.

तुझा हिरा २५ सेंटचा आहे, म्हणजे रुंदीला जेमतेम ४ मिलिमीटर. पैठणीच्या बुट्ट्यांवर तो कुणाला दिसणारही नाही. गळ्याच्या खळगीपासून बोटभर खाली, उघड्या कातडीवर, चेहऱ्याच्या जवळ असला तर बोलताना मान हलेल तसा उजेड घेईल. लहान हिरा वरच हवा. आकाराचं फार मनावर घेऊ नकोस. आपला बीड जिल्हा ज्या निजामाच्या राज्यात होता त्या सातव्या निजामाकडे सुमारे १८५ कॅरटचा जेकब हिरा होता. तो कागदांवर वजन म्हणून ठेवला जायचा. १९९५ मध्ये केंद्र सरकारनं निजामाचे दागिने २१८ कोटींना घेतले, त्यात तोही आला. एवढा मोठा हिरा, पण कुणाच्या गळ्यात शोभला नाही.

दुसरं, तुझं काम. तू फिजिओथेरपिस्ट, दिवसभर पेशंटवर वाकणार. आपल्या आष्टी-पाटोद्याकडच्या बायका दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. त्यांच्या गळ्यातली काळी पोत बघ. आखूड असते, आणि लांब असली तर ब्लाउजच्या आत खोचलेली असते. फडात मोळी उचलताना लोंबता दागिना अडकतो हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. कष्ट करणाऱ्या बाईनं आपल्या दागिन्याची लांबी आपल्या कामावरून ठरवली, यात मला मोठं शहाणपण दिसतं आणि त्या बायांबद्दल मनापासून आदर वाटतो. तुझं कामही हातांचं आणि वाकण्याचं आहे. २० इंची साखळी पेशंटच्या तोंडावर लोंबेल आणि तू दिवसभर ती मागं सारत राहशील.

तिसरं, मंगळसूत्र. हिऱ्याइतकं कठीण दुसरं काही नाही. सोनं मऊ, मोती त्याहूनही नाजूक. पेंडंट आणि मंगळसूत्राच्या वाट्या एकाच उंचीवर आल्या तर हिरा रोज त्या वाट्यांवर ओरखडे काढेल, आणि दोन्ही साखळ्यांचा गुंता होईल तो वेगळाच. दोघांत निदान दोन-अडीच इंचांचं अंतर हवं. मंगळसूत्र लांब घेणार असशील तर प्रश्नच नाही. आखूड घेणार असशील तर ते हिऱ्याच्या खाली येईल असं बघ आणि हिरा वर राहू दे. सणाला मोत्यांचा तन्मणी घालशील त्या दिवशी हिरा काढून डबीत ठेव. दोघं एका जागी नकोत.

माप घरीच घे. न ताणणारा सुती दोरा घे, त्यात पेंडंटच्या वजनाची एखादी अंगठी ओव, आरशासमोर आधी साडीवर आणि मग दवाखान्याच्या कपड्यांवर घालून बघ. उभी राहून, बसून, वाकून बघ. पसंत पडलेल्या जागी गाठ मार आणि दोरा इंचटेपवर सरळ ठेवून मोज. सासूबाईंनाही दाखव. त्यांच्या डोळ्यांनी जास्त पाहिलेलं आहे.

माझा अंदाज असा की तुझं माप १६ आणि १८ च्या मध्ये येईल. म्हणून १८ इंची साखळी घे आणि १६ व्या इंचावर एक कडी बसवून घे. कामावर जाताना हूक त्या कडीत अडकव, लग्नकार्यात पूर्ण सोड. पटवेकऱ्याची सरकी गाठ जे करायची तेच थोडंफार ही कडी करेल. कडी दुकानदाराकडूनच, त्याच कॅरटच्या सोन्यात, हॉलमार्कच्या आधी बसवून घे. खर्चाची चिंता नको. १६ इंचांत ३ ग्रॅम बसणाऱ्या साखळीत इंचाला दीड गुंज सोनं लागतं, दोन इंचांना तीन गुंजा.

साखळी फार बारीक मात्र घेऊ नकोस. हिऱ्यासाठी १८ कॅरटचं सोनं बरं, २२ कॅरट मऊ पडतं, नखं सैल होतात. आणि हे ध्यानात ठेव: २ ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. केसासारखी साखळी शिक्क्याविना विकली जाऊ शकते, आणि पहिल्या हिसक्याला तुटते तीही तीच. ३ ग्रॅमच्या खाली उतरू नकोस. साखळीवर बीआयएसचं चिन्ह, १८के७५० आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, तिन्ही भिंगातून वाचून घे. हॉलमार्क फक्त सोन्याची हमी देतो, हिऱ्याची नाही. बिलावर सोन्याचं निव्वळ वजन, हिऱ्याचं कॅरट आणि मजुरी वेगवेगळी लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस, आणि दोऱ्याचं माप मला आधी कळव.

तुझा,
मामा