हाड मोडल्यानंतरचे धोके: माणसाचे आणि जनावराचे



पावसाळ्यात बांधावरून पाय घसरतो, पोर झाडावरून पडतं, शेळी दगडात पाय अडकवून घेते. हाड मोडलं की आपण म्हणतो, "पट्टी बांधली, आता दीड महिन्यात जुळेल." बहुतेक वेळा जुळतंही. पण हात किंवा पाय कापायची वेळ येते, ती अनेकदा नंतरच्या बिघाडामुळे. तो वेळेवर ओळखायला शिकूया.

१. आवळलेली पट्टी
सूज पहिले दोन-तीन दिवस वाढते, पट्टी मात्र सैल होत नाही. आत दाब वाढतो, रक्त पोचत नाही आणि काही तासांतच स्नायू मरू लागतात.
खुणा: गोळी घेऊनही वाढणारी कळ, बोटं सरळ केली की जीवघेणा ठणका, मुंग्या, बधिरपणा, गार किंवा निळसर बोटं.
"हाड जुळताना दुखणारच" म्हणून सकाळची वाट बघू नका. कामट्यांची पट्टी असेल तर लगेच सैल करा. प्लास्टर असेल तर रात्रीसुद्धा दवाखाना गाठा.

२. हाडावरची जखम
जखम लहान असली तरी जंतू हाडापर्यंत जातात. हळद, राख, शेण लावू नका. स्वच्छ कापडाने झाका, 108 ला फोन करा, धनुर्वाताचं इंजेक्शन विचारून घ्या.

३. खुबा मोडलेली म्हातारी माणसं
पडून राहिल्याने पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. डॉक्टरांना विचारून दर दोन तासांनी कूस बदला. एकच पोटरी सुजली किंवा अचानक धाप लागली तर लगेच दवाखाना.

४. जनावरं
शेळीचा पाय चांगला जुळतो, पण पट्टी नीट हवी. कामट्यांखाली कापूस घाला. रोज पट्टीच्या खाली हात लावून बघा: पाय गार, सुजलेला किंवा पट्टीला घाण वास असेल तर पट्टी सोडा. गाय-म्हैस बसून राहिली तर तिच्याच वजनाने खालच्या पायाचे स्नायू निकामी होतात. खाली जाड पेंढा टाका, दिवसातून चार-पाच वेळा कूस बदला. पशुवैद्यकासाठी 1962 ला फोन करा.

पुढच्या बैठकीत एवढं ठरवा: रात्री गाडी कोणाची मिळेल? आणि गटातून तातडीचं कर्ज त्याच दिवशी कसं देता येईल? पैशाच्या जुळवाजुळवीत गेलेले तास हाताला परत मिळत नाहीत.