'सहीची आवश्यकता नाही' असं चिठ्ठीवर छापलं तर चालतं का?

प्रश्न : आम्ही किरनापूरचे, जिल्हा बालाघाट. आईचं बीपीचं औषध गोंदियाच्या एका डॉक्टरांचं चालू आहे. आधी ते पेनानं सही करून शिक्का मारायचे. आता दवाखाना कॉम्प्युटरवर गेला. चिठ्ठी मोबाइलवर येते आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'ही चिठ्ठी संगणकावर तयार केलेली आहे, सहीची आवश्यकता नाही.' एमपी ऑनलाइनच्या दुकानातून प्रिंट काढून मी गावच्या मेडिकलमध्ये नेली. दुकानदार म्हणाला, "भाऊ, सही कुठे आहे? आणि डॉक्टर तर महाराष्ट्राचा." आमच्यात बरोबर कोण? आणि कॉम्प्युटरमधल्या सहीला कायद्यात काही किंमत आहे का?

उत्तर : सहीबाबत दुकानदार बरोबर आहे, महाराष्ट्राबाबत चूक. चुकीचं आधी उरकून घेऊ. औषधविक्रीचे नियम डॉक्टरची नोंदणी बघतात, त्याचं राज्य बघत नाहीत. फोनवरून किंवा व्हिडिओवरून तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० ला आली. त्यांत तर डॉक्टर भारतातल्या कुठल्याही भागातल्या रुग्णाला सल्ला देऊ शकतो, असं स्पष्टच म्हटलं आहे. चिठ्ठीवर नाव आणि नोंदणी क्रमांक असला की बाघ नदी ओलांडल्यानं ती बाद होत नाही.

आता सही. 'सहीची आवश्यकता नाही' हे वाक्य विजेच्या बिलावरून, बँकेच्या स्टेटमेंटवरून उचललं गेलं आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी ते दवाखान्यातही आणून बसवलं. बिलावर ते शोभतं. औषधाच्या चिठ्ठीवर त्याला काडीचा अर्थ नाही, कारण तिथे सही मागणारा कायदा आहे. औषध नियम, १९४५ मधला नियम ६५ सांगतो की चिठ्ठी लेखी हवी, देणाऱ्यानं तिच्यावर आपली नेहमीची सही करून तारीख घालायला हवी, रुग्णाचं नाव-पत्ता हवा आणि औषध एकूण किती द्यायचं व त्याचा डोस किती हेही हवं. यातलं काही नसताना औषध दिलं आणि तपासणीत ते निघालं, तर परवाना निलंबित होऊ शकतो तो दुकानदाराचा. तो अडून बसला म्हणून त्याच्यावर रागावू नका. उलट असा दुकानदार गावात आहे, हे बरंच आहे.

पण १९४५ च्या नियमाला पेनाचीच सही लागते का? तर नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ची दोन कलमं इथे उपयोगी पडतात. जिथे कायद्याला 'लेखी' हवं तिथे इलेक्ट्रॉनिक मजकूर चालतो, असं चौथं कलम म्हणतं. जिथे सही हवी तिथे सरकारनं ठरवलेल्या पद्धतीची इलेक्ट्रॉनिक सही चालते, असं पाचवं. मृत्युपत्रासारखे काही कागद या कायद्यानं बाहेर ठेवले, पण औषधाची चिठ्ठी त्या यादीत नाही. फार्मसी कौन्सिलच्या २०१५ च्या नियमांनीही चिठ्ठीची व्याख्या करताना लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक असे दोन्ही शब्द घातले आहेत.

सगळी गोम 'सरकारनं ठरवलेल्या पद्धतीची' या शब्दांत आहे. बऱ्याच दवाखान्यांत डॉक्टरांनी एकदा कोऱ्या कागदावर सही केलेली असते. तिचा फोटो सॉफ्टवेअरमध्ये घातलेला असतो आणि प्रत्येक चिठ्ठीखाली तोच आपोआप उमटतो. दिसायला झकास, पण ती सही नव्हे, सहीचं चित्र. डॉक्टर नागपूरला लग्नाला गेलेले असले तरी ते उमटत राहतं. पूर्वी कंपाउंडरच्या ड्रॉवरमध्ये सहीचा रबरी शिक्का असायचा, त्याचाच हा धाकटा भाऊ.

खरी डिजिटल सही डोळ्यांना दिसलीच पाहिजे असंही नाही. तुमच्या ग्रामपंचायतीत सरपंच आणि सचिव पैसे काढताना पेनड्राइव्हसारखं जे डोंगल लावतात, ती या सहीची किल्ली. डॉक्टरकडेही तसंच असू शकतं, नाहीतर आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवून केलेली ई-साइन चालते. आत काय घडतं ते पाहा. चिठ्ठीतल्या सगळ्या मजकुराचा एका ठरावीक गणितानं अर्क काढला जातो. चिठ्ठी चार ओळींची असो की चार पानांची, नेहमीच्या पद्धतीत हा अर्क ६४ अंक-अक्षरांचाच निघतो. डॉक्टरच्या खासगी किल्लीनं तो कुलूपबंद होतो आणि फाइलला चिकटतो. समजा आईच्या चिठ्ठीवर टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आहे आणि कुणी ४ चा ८ केला. एकच आकडा बदलला, पण नवा अर्क जुन्याशी जुळतच नाही. कॉम्प्युटरवर फाइल उघडली की सहीचं पॅनेल लगेच सांगतं, सहीनंतर मजकूर बदलला आहे. पेनाच्या सहीला हे कधी जमलं नाही. ४ चा ८ करायला तिथे एक निळं पेन पुरत होतं.

आणि इथेच तुमची प्रिंट अडकते. डिजिटल सही फाइलमध्ये राहते, कागदावर येत नाही. प्रिंट काढली, स्क्रीनशॉट घेतला, की हाती उरतो निव्वळ फोटो. मग तुमच्या डॉक्टरांनी रीतसर डिजिटल सही केली असली तरी दुकानदारानं ती तपासायची कशी? म्हणून मूळ पीडीएफ जशीच्या तशी त्याला पाठवा आणि ती कॉम्प्युटरवर उघडायला सांगा. मोबाइलवरची बरीच ॲप सही नीट तपासत नाहीत.

तुमचा मात्र पेच याहून साधा असावा, असा माझा अंदाज आहे. ज्या सॉफ्टवेअरमध्ये 'सहीची आवश्यकता नाही' असं छापतात, त्यात खरी डिजिटल सही बहुधा नसतेच. मग सरळ डॉक्टरांनाच गाठा. प्रिंट काढून पेनानं सही करा म्हणावं. जाणं होत नसेल तर त्यांनी सही करून त्या कागदाचा फोटो पाठवावा. २०२० ची तत्त्वं सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो किंवा स्कॅन मान्य करतात, अगदी मेसेजवरून आलेलाही. फोटो इथेही आहे आणि सॉफ्टवेअरमधल्या चित्रातही आहे. फरक इतकाच की इथे डॉक्टरांनी त्या दिवशी, ती चिठ्ठी वाचून सही केली आणि मग फोटो काढला. काही झोपेच्या आणि नशेच्या औषधांची मात्र फोनवरच्या सल्ल्यानं चिठ्ठीच देता येत नाही, मग सही कितीही चांगली असो.

तुम्ही विचारलं नाही, पण दवाखान्याच्या आत काय होतं तेही सांगतो. तिथे चिठ्ठीपेक्षा डॉक्टरच्या ऑर्डरी जास्त असतात : हे इंजेक्शन द्या, अमुक रक्त तपासा, सलाईन थांबवा. रात्री दोनला डॉक्टर फोनवर सांगतात आणि सिस्टर लिहून घेते. रुग्णालयांच्या 'एनएबीएच' मानांकनात अशा तोंडी ऑर्डरीवर डॉक्टरनं २४ तासांत सही करावी, असा निकष आहे. कॉम्प्युटरवर सही म्हणजे आपल्या लॉगिननं ती ऑर्डर मंजूर करणं. एका नर्सिंग होममध्ये मी मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली पिवळी चिठ्ठी पाहिली होती. तिच्यावर डॉक्टरांचा पासवर्ड, ठळक अक्षरात. सकाळी रिसेप्शनवरची मुलगी त्याच लॉगिननं रात्रीच्या साऱ्या ऑर्डरी एकामागून एक 'साइन' करत होती. डॉक्टर तेव्हा राउंडवर. कुणाचा वाईट हेतू नव्हता, पण उद्या इंजेक्शन चुकलं तर कॉम्प्युटर शपथेवर सांगेल की ऑर्डर डॉक्टरांनीच नऊ वाजून चार मिनिटांनी तपासली. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक सही लबाडीनं वापरली तर त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पासवर्ड मॉनिटरवर लावणाऱ्याला काय, हे त्या कलमात नाही.

अमेरिकेत या दुखण्यावर बराच खल झाला. तिथली मेडिकेअर योजना डॉक्टरच्या सहीचा शिक्का मान्य करत नाही, अपंगत्वामुळे सही करता येत नसेल तेवढा अपवाद. नशेच्या औषधांची चिठ्ठी इलेक्ट्रॉनिक पाठवायची, तर २०१० च्या नियमानुसार डॉक्टरला आपली ओळख दोन वेगवेगळ्या प्रकारे पटवावी लागते, पासवर्ड आणि त्याच्यासोबत टोकन किंवा बोटाचा ठसा. पासवर्ड मॉनिटरवर लावता येतो, बोट लावता येत नाही.

आता दुकानदाराच्या वतीनं एक अडचण. नियम ६५ नुसार औषध दिल्यावर त्यानं चिठ्ठीवर डॉक्टरच्या सहीच्या वर दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख लिहायची असते. डॉक्टरनं पुन्हा द्यावं असं लिहिलेलं नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं, हे त्यामागचं कारण. पीडीएफवर हे कुठे लिहिणार? लिहिलं तर फाइल बदलली म्हणून सहीच तक्रार करणार. नाही लिहिलं तर तीच फाइल किरनापूर, बालाघाट, लांजी अशी तीन दुकानं फिरू शकते. माझ्या ओळखीचे एक मेडिकलवाले फाइल तपासून प्रिंट काढतात, तिच्यावर नोंद आणि शिक्का करतात, एक प्रत स्वतःकडे ठेवतात आणि एक गिऱ्हाइकाला देतात. तुमच्या दुकानदाराला हे सुचवून पाहा. आणि आईचं औषध दर महिन्याचं असल्यानं डॉक्टरांकडून 'तीन महिने, दर महिन्याला एकदा' असं त्या चिठ्ठीवरच लिहून घ्या, सहीच्या वर.